नको तितकं : ‘टू’ या शब्दाचा माग

मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. नववीचा वर्ग, फळ्यावर वाक्य : ‘द बॅग इज टू हेवी टू लिफ्ट.’ मी नेहमीप्रमाणे अर्थ सांगितला, ‘पोतं उचलायला खूप जड आहे.’ मुलांनी वहीत उतरवून घेतला. पुढचं वाक्य लिहायला वळलो तोच मागून प्रश्न आला, “सर, मंग उचललं का नाही?”

वर्ग हसला. विचारणारी मुलगी मात्र गंभीर होती. तिचे वडील बाजार समितीत हमाली करत. तिने शांतपणे सांगितलं, “माझ्या बाबाले पोतं खूप जड लागते. तरी उचलतेच ना ते.”

मी त्या दिवशी वेळ मारून नेली. ‘वाक्यात तसंच आहे’ असं काहीतरी म्हटलं असेन. पण घरी जाताना लक्षात आलं की मुलीचा प्रश्न बिनतोड होता. इंग्रजी वाक्यात पोतं उचललं जात नाही, हे स्पष्ट सांगितलेलं आहे. माझ्या मराठी वाक्यात ते कुठेच नव्हतं. मी कितीतरी वर्षं ‘टू म्हणजे खूप’ शिकवत आलो होतो, आणि त्या दोन अक्षरी अर्थात शब्दाचा जीवच निघून गेला होता. नंतर निवृत्तीपर्यंत आणि त्यानंतरही या शब्दाचा माग मी सोडला नाही. जे हाती लागलं ते इथे मांडतो. त्यातलं बरंचसं पुस्तकांपेक्षा स्वयंपाकघरात, शिंप्याच्या दुकानात आणि तहसीलच्या आवारात सापडलं.

आधी इंग्रजी शब्दाकडे पाहू. ‘व्हेरी’ आणि ‘टू’ या दोघांनाही आपण ‘खूप, फार’ असा एकच अर्थ लावतो. पण ‘व्हेरी’ फक्त मोजतो, तर ‘टू’ मोजून झाल्यावर निकालही देतो. ‘चहा व्हेरी हॉट आहे’ म्हणजे कडक गरम आहे. काहींना तसाच आवडतो. ‘चहा टू हॉट आहे’ म्हणजे जेवढा गरम असायला हवा त्याच्या पुढे गेला आहे, आत्ता तोंडाला लावता येणार नाही. ‘टू’मध्ये एक रेघ गृहीत धरलेली असते आणि ती ओलांडली गेल्याची तक्रार असते. रेघ कोणती, ते बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं. ऐकणाऱ्याने ओळखायचं.

बोर्डाच्या परीक्षेत ‘रिमूव्ह टू’ नावाचा प्रश्न असायचा, तो आठवत असेल. ‘ही इज टू वीक टू वॉक’ या वाक्यातला ‘टू’ काढा, की उत्तर येतं ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक.’ मुलं हा प्रश्न साच्यात घालून सोडवतात आणि पूर्ण गुण मिळवतात. मीही तो साचाच शिकवला. पण थोडं थांबून पाहिलं की दिसतं, पहिल्या वाक्यात ‘नाही’ हा शब्द कुठेच नव्हता. दुसऱ्यात तो उघड झाला. म्हणजे ‘टू’च्या पोटात नकार दडलेला होता. मराठी मुलगा वाक्यात ‘नॉट’ शोधतो, तो सापडत नाही, म्हणून वाक्य होकारार्थी समजतो. त्या हमालाच्या मुलीने तो पोटातला नकार बरोबर हुडकला होता.

हा नकार नेहमी वाईटच असतो असंही नाही. ‘तो लाच घेण्याच्या मानाने फारच प्रामाणिक आहे’ अशा धर्तीचं वाक्य इंग्रजीत ‘टू ऑनेस्ट’ म्हणून सहज येतं. त्यात प्रामाणिकपणाची निंदा नाही. लाच घेणं या एका कामापुरताच तो प्रामाणिकपणा अडचणीचा आहे, एवढंच. जादा कशासाठी, ते ठरल्याशिवाय ‘टू’ला अर्थच येत नाही.

आता आपले शब्द. ‘फार’ हा संस्कृत ‘स्फार’चा वंशज, म्हणजे पसरलेला, विस्तीर्ण. ‘खूप’ फारसीतल्या ‘खूब’वरून आला, आणि ‘खूब’चा मूळ अर्थ चांगला, सुंदर. चांगल्याचं पुष्कळ कधी झालं, हे कोणाच्या ध्यानात आलं नसेल. पण ‘खूप’मध्ये आजही त्या चांगुलपणाचा अंश आहे असं मला वाटतं. ‘खूप पाऊस झाला’ हे वाक्य नुसतं कानावर पडलं तर आनंदाचं वाटतं. आमच्याकडचा ‘लय’ तर दोन्हीकडे चालतो : लय गोड, लय वाईट. घाटाखाली, खामगाव-शेगावच्या बाजूला गेलं की ‘गंज’ ऐकू येतो. ‘गंज दिवसानं आले पाहुणे.’ फारसीत गंज म्हणजे खजिना, साठा. आपल्या कडब्याच्या गंजीतही रचलेल्या राशीचाच भाव आहे. वऱ्हाडी ‘गंज’चं नातं या राशीशीच असावं. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग पूर्वापार आहेत, आणि बोली बदलते ती या घाटातच. पण या चारही शब्दांत, फार, खूप, लय, गंज, ओलांडलेली रेघ नाही. हे सगळे ‘व्हेरी’च्या घरचे.

मग मराठीत ‘टू’ नाहीच का? एका शब्दात नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. ते चूक नव्हतं, पण अपुरं होतं. मराठी माणूस रोज शंभर वेळा ‘टू’ बोलतो, फक्त त्यासाठी क्रियाविशेषण वापरत नाही.

शिंप्याच्या दुकानात उभे राहा. ‘हा सदरा मोठा आहे’ आणि ‘हा सदरा मला मोठा होतो’ ही दोन वाक्यं एकच आहेत का? पहिल्यात सदऱ्याचं माप सांगितलं. दुसऱ्यात सदरा आणि अंग यांचा हिशेब मांडला, आणि तो जुळत नाही असं सांगितलं. इंग्रजीत दुसऱ्या वाक्याला ‘टू बिग फॉर मी’ म्हणावंच लागतं. मराठीने ते काम ‘आहे’च्या जागी ‘होतो’ घालून आणि ‘मला’ जोडून केलं. चप्पल लहान होते. बांगडी घट्ट होते. दोन भाकरी मला जास्त होतात. घाटाखाली हेच ‘मले हा सदरा मोठा होते’ असं ऐकू येईल. विभक्ती बदलली, हिशेब तोच.

स्वयंपाकघरात तर ‘होणे’ची वेगळीच गंमत आहे. ‘भाजी छान झाली’ ही शाबासकी. ‘भाजी तिखट झाली’ ही तक्रार. क्रियापद एकच, वाक्याची ठेवण एकच. ‘छान’ला वरची मर्यादा नसते, म्हणून तिथे नुसता परिणाम कळतो. तिखटाला, गोडाला, घट्टपणाला मर्यादा असते, म्हणून तिथे ‘झाली’ म्हटलं की ती ओलांडली असंच कळतं. सासूने ‘चहा गोड झालाय’ म्हटल्यावर सुनेला ‘जास्त’ हा शब्द ऐकावा लागत नाही.

काही शब्दांच्या पोटातच ‘टू’ बसलेला आहे. खारे दाणे आपण आवडीने खातो; खारट दाणे टाकून देतो. खारट म्हणजे नुसतं मिठाचं नव्हे, मीठ जास्त झालेलं. आणि उलट बाजूला ‘अळणी’ आहे, लवण नसलेलं, मीठ कमी पडलेलं. म्हणजे एकाच भाजीच्या दोन्ही बाजूंच्या चुकांना मराठीत स्वतंत्र नावं आहेत, मधल्या बरोबर चवीला मात्र नाव नाही. ती ‘बेताची’ असते. कपड्यातही तसंच : ढगळ म्हणजे गरजेपेक्षा सैल, तोकडा म्हणजे गरजेपेक्षा आखूड, तंग म्हणजे गरजेपेक्षा घट्ट. या शब्दांचं इंग्रजी करायला बसलं की प्रत्येकापुढे ‘टू’ लावावा लागतो. आपल्याकडे तो शब्दात शिवूनच येतो.

यापेक्षाही मला मोलाचं वाटतं ते शक्य क्रियापद. शाळेत आपण ‘मला आता चालवत नाही’ हे उदाहरण पाठ करतो आणि विसरतो. पण ‘टू वीक टू वॉक’चं खरं मराठी तेच आहे. ‘बघवत नाही’ म्हणजे दृश्य इतकं दुःखाचं की पाहणाऱ्याच्या ताकदीपलीकडे गेलं. ‘सोसवत नाही’, ‘ऐकवत नाही’, ‘खाववत नाही’, ‘राहवत नाही’. इथे ‘किती’ हे सांगितलंच जात नाही. किती दुःख, किती आवाज, किती तिखट, काहीच नाही. फक्त ज्याच्यावर ते आलं तो माणूस आणि त्याची संपलेली ताकद सांगितली जाते. इंग्रजीत जास्तपणा वस्तूला चिकटतो : पोतं ‘टू हेवी’ असतं. मराठीत तो माणसाच्या बाजूने मोजला जातो : मला उचलवत नाही. त्या मुलीला मी हे एवढंच सांगायला हवं होतं, ‘पोतं इतकं जड आहे की उचलवत नाही.’ मग तिने प्रश्न विचारला नसता. किंवा विचारला असता, पण वेगळा : कोणाला उचलवत नाही?

तिसरी वाट ‘पेक्षा’ची. नाकापेक्षा मोती जड. या म्हणीत ‘टू हेवी’ हेच सांगितलं आहे, पण रेघ कोणती तेही सांगितलं आहे : नाक. अंथरूण पाहून पाय पसरावे, इथे रेघ अंथरुणाची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, इथे कोंबडीच्या किमतीची. इंग्रजी जे न सांगता ओळखायला लावतं ते मराठी म्हण आधी पुढ्यात मांडते. ‘वयाच्या मानाने’, ‘ऐपतीपेक्षा’, ‘प्रमाणाबाहेर’, ‘नको तितकं’ ही सगळी त्याच कुळातली बोलणी. यातलं ‘नको तितकं’ मला सर्वांत आवडतं. त्यात मापही आहे आणि नकारही आहे, दोन शब्दांत. ‘रिमूव्ह टू’चं अख्खं गणित त्यात मावतं.

फारसी-अरबीकडून आलेल्या शब्दांत ओलांडण्याची भावना जास्त ठळक दिसते. ‘बेसुमार’ म्हणजे मोजणी सुटलेलं, ‘बेहद्द’ म्हणजे हद्द सुटलेलं. ‘फाजील’चा प्रवास मजेचा आहे. उर्दूत फाजिल म्हणजे विद्वान. शब्दाच्या मुळाशी उरलेलं, वरचं असा अर्थ आहे. मराठीत विद्वत्ता गळाली आणि वरचंच उरलं : फाजील आत्मविश्वास, फाजील लाड. ‘जास्त’ आणि ‘जादा’ ही एकाच अरबी घराण्यातली भावंडं, ‘जियादा’ची, म्हणजे भर घालणं. पण संसारात दोघांनी वेगळी कामं धरली. यात्रेला एसटीच्या जादा गाड्या सुटतात, आणि त्या जास्त झाल्या असं कोणी म्हणत नाही. जादा म्हणजे वरची भर, जास्त म्हणजे भर घालता घालता बिघडलेलं. ‘मीठ जास्त पडलं.’ बोलीभाषेत ‘टू’च्या सगळ्यांत जवळचा एकटा शब्द शोधायचाच झाला तर तो ‘जास्त’. त्यावर ‘च’ चढवला, ‘जरा जास्तच’, की काम पुरतं होतं. आणि इथे एक योग जुळतो. इंग्रजी ‘टू’चेही दोन अर्थ आहेत, ‘सुद्धा’ आणि ‘प्रमाणाबाहेर’. दोन्ही मुळात दिशा दाखवणाऱ्या साध्या ‘टू’मधून निघाले, दोन ‘ओ’ घालून त्याला वेगळं लिहायची रीत सोळाव्या शतकापासून पडली. ‘मी टू’मधला टू आणि ‘टू हेवी’मधला टू एकच. भर घालणं आणि भार होणं यांच्यात अंतर कमीच असतं, हे दोन दूरच्या भाषांनी आपापल्या परीने ओळखलेलं दिसतं.

उरला ‘अति’. संस्कृतात ‘अति’ म्हणजेच ओलांडून, पलीकडे. अतिक्रमण, अतिरेक, अतिप्रसंग यांत ती ओलांडणी अजून जिवंत आहे. ‘अति तेथे माती’ म्हणताना आपण नेमका ‘टू’च म्हणतो. पण हाच उपसर्ग ‘अतिशय’ आणि ‘अत्यंत’ यांत झिजून गुळगुळीत झाला. ‘अत्यंत’ म्हणजे खरं तर अंताच्याही पलीकडे. आपण ‘अत्यंत आभारी’ होतो तेव्हा कुठलाच अंत ओलांडत नाही. सगळ्याच भाषांत असं होतं. जोर दाखवायला माणूस ओलांडण्याचे शब्द वापरतो, रोज वापरतो, आणि ते नुसते ‘खूप’ होऊन बसतात. ‘भयंकर सुंदर’मध्ये भय उरलेलं नाही. इंग्रजीतही ‘यू आर टू काइंड’ म्हणणाऱ्याला समोरच्याचा दयाळूपणा कमी व्हावा असं वाटत नसतं. आणि आपल्याकडच्या पोरांनी तर ‘टू’ची ही झीज पूर्ण केली. लग्नाच्या फोटोखाली ‘टू गुड’ लिहिलेलं असतं, म्हणजे फक्त फार छान. ‘तू ना टू मच आहेस’ यात रागाइतकंच कौतुक असतं. पूर्वी मी अशा ठिकाणी लाल शाई काढत असे. आता काढत नाही. ‘खूब’चा ‘खूप’ झाला तेव्हाही कोणी मास्तर चिडला असेलच.

पण काही ठिकाणी ही झीज परवडत नाही. तिथे ‘अति’ म्हणजे किती, याचं उत्तर आकड्यात द्यावं लागतं, आणि त्या आकड्यावर माणसांचं वर्ष ठरतं.

पाण्याचं घ्या. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. अकोला आणि अमरावतीप्रमाणे आपल्या जिल्ह्यातल्या जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या बाजूच्या कितीतरी गावांच्या जमिनीखालचं पाणी खारं आहे. तिथले लोक त्याला खारट म्हणत नाहीत, खारं म्हणतात. खारट म्हटलं तर ते टाकून द्यावं लागेल, आणि टाकून दिलं तर प्यायचं काय? या भागात मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार वर्षानुवर्षं आहे. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे त्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पण त्याच तक्त्यात पुढचा रकाना आहे : दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत चालेल. मी हा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा व्याकरणाचा मास्तर म्हणून थबकलो. एकाच पाण्याची ‘टू सॉल्टी’ची रेघ, पर्याय नसलेल्या माणसासाठी चौपट वर सरकते. शास्त्राच्या दृष्टीने त्याला कारणं असतील. पण ‘मला सदरा मोठा होतो’ यातला ‘मला’ किती महत्त्वाचा असतो, ते या दोन रकान्यांत दिसतं.

पावसाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. महसूल खात्याच्या हिशेबी एका महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. हवामान खात्याची पायरी जवळपास तिथेच सुरू होते : ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोराचा पाऊस, ११५.६ ते २०४.४ त्याहून वरचा, आणि त्यापुढे सर्वांत वरचा. या दुसऱ्या पायरीला आपण बातम्यांत ‘अति मुसळधार’ म्हणतो. म्हणजे एका खात्याचा ‘अति’ ६५ ला लागतो आणि दुसऱ्याचा ११५ च्या पुढे. पहिला ‘अति’ हा ‘टू’ आहे : शेताला सोसणार नाही इतका, म्हणून भरपाईचा विचार. दुसरा ‘अति’ हा नुसता ‘व्हेरी’ आहे, पावसाची एक पायरी. शब्द एकच, लिपी एकच. रेडिओवर ‘अति मुसळधार’ ऐकून आपल्या मंडळात अतिवृष्टी लागलीच असेल असं शेतकरी समजतो. कधी ती लागते, कधी लागत नाही, कारण इशारा जिल्ह्याला असतो आणि नोंद मंडळाच्या पर्जन्यमापकाची.

त्यातही एक अडचण आहे. चोवीस तासांत ६४ मिलिमीटर पडला तर ती अतिवृष्टी नव्हे. तोच पाऊस रोज थोडा थोडा दहा दिवस पडत राहिला तर कुठल्याही एका दिवशी रेघ ओलांडली जात नाही, पण काळ्या जमिनीतलं सोयाबीन पिवळं पडतं. पूर्वी या पावसाला सरकारदरबारी नावच नव्हतं. २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘सततचा पाऊस’ हीही नैसर्गिक आपत्ती मानायचं ठरवलं. नुकसानीलाही रेघ आहेच : पीक ३३ टक्के तरी गेलेलं असलं पाहिजे. २०१५ पूर्वी ही रेघ ५० टक्क्यांवर होती. लोकांनी मात्र आपला शब्द आधीच केलेला होता, ‘ओला दुष्काळ’. सरकारी नियमपुस्तकात तो नाही. मला तो मराठीतला ‘टू’चा सर्वांत धीट अनुवाद वाटतो. पाणी इतकं जास्त झालं की दुष्काळाला जे होतं तेच झालं. ‘सो… दॅट’ची दोन्ही टोकं दोन शब्दांत.

२०२३ च्याच जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुराने शेतं खरडून नेली, तेव्हा रेघेचा प्रश्नच उरला नव्हता. पण दर वर्षी तसं नसतं. आमच्या शेजारच्या आबांचं वावर ओढ्याकाठी आहे. एका सप्टेंबरात त्यांचं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. ते कागद घेऊन माझ्याकडे आले, “सर, अर्ज लिहून द्या. लय पाऊस झाला म्हणून लिहा.”

मी शुद्ध मराठीत लिहून दिलं, ‘माझ्या शेतात खूप पाऊस झाल्यामुळे सोयाबीन पिकाचे नुकसान झाले आहे.’ अक्षर सुंदर होतं. दोन दिवसांनी आबा परत आले. ज्यांच्याकडे अर्ज दिला त्यांनी विचारलं होतं, खूप म्हणजे किती? मंडळात अतिवृष्टीची नोंद आहे का? नोंद नव्हती. पर्जन्यमापक होता तिथे त्या रात्री पाऊस पासष्टच्या आतच थांबला होता. ओढा मात्र वरच्या शिवारातलं पाणी घेऊन आला होता. विचारणाऱ्याचा दोष नव्हता, त्याच्या रकान्यात आकडा हवा होता. दोष माझ्या ‘खूप’चा होता. मी नववीच्या वर्गातली चूक पुन्हा केली होती : पाऊस केवढा ते सांगितलं, आणि त्यामुळे काय होऊ शकलं नाही ते सांगितलंच नाही.

आम्ही दोघं वावरात गेलो. मी चपला हातात घेतल्या. आबांनी एक झाड उपटून दाखवलं, मुळं काळी पडली होती. काही शेंगांतल्या दाण्यांना उभ्या झाडावरच कोंब फुटले होते. बांधावर बसून मी नवा अर्ज लिहिला. ओढ्याचे पाणी अमुक तारखेपासून चार दिवस शेतात साचून राहिले. त्यामुळे मुळे कुजली आहेत. शेंगांतील दाण्यांना कोंब आले असून पीक काढणीच्या लायकीचे राहिलेले नाही. शेतात चालवत नाही इतका चिखल असल्याने उरलेले पीकही काढता येत नाही. प्रत्यक्ष पाहणी करून पंचनामा व्हावा ही विनंती. ‘चालवत नाही’ हे अर्जाच्या भाषेत बसत नाही, ते खोडून ‘चालता येत नाही’ करावं का, याचा मी थोडा वेळ विचार केला आणि तसंच ठेवलं.

आबांना वाचून दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, “सगळं बरोबर हाये सर. पण याच्यात ‘लय’ कुठी हाये?”

मी ‘ओढ्याचे पाणी’च्या आधी थोडी जागा करून ‘लय’ लिहिला. आबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.